लंबकाचा प्रयोग: कृती फळ्यावर लिहून द्यायची की मुलांनाच आखू द्यायची?

धागाकर्ता: माझं मत, कृती देऊच नये. ‘लंबकाचा दोलनकाल (एका दोलनाला लागणारा वेळ) कशावर ठरतो?’ एवढा प्रश्न द्यावा. पहिली तासिका नुसती कागदावर: काय बदलणार, काय तसंच ठेवणार, वाचनं किती. आराखडा तपासल्याशिवाय स्टँड हातात नाही. तयार कृतीत मुलं २० दोलनं मुकाट मोजतात. २०च का, विचारलं की गप्प. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक धरा. १ मीटरच्या लंबकाचं एक दोलन २ सेकंदांचं, म्हणजे १० टक्के चूक. २० दोलनांत तीच अर्धा टक्का होते. हे गणित त्यांनीच करावं.

लंबकर्ण: आराखडा कागदावर देखणाच असतो हो, चुका हातून होतात. गोळा सोडताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटलं की दोलनं भरतात १९ आणि भागाकार २०ने. गुरुत्व त्वरण ९.८ऐवजी १०.९ येतं. दोरा दांड्याला गुंडाळला तर टांगणबिंदू प्रत्येक झोक्याला सरकतो. कापलेल्या बुचाच्या दोन फाकांत तो चिमटावा लागतो. हे आराखड्यातून सुचत नाही, सांगावंच लागतं.

धागाकर्ता: हातोटी सांगा की! मी चलांबद्दल, म्हणजे काय बदलायचं नि काय तसंच ठेवायचं याबद्दल बोलतोय. लंबकाची लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत धरतात. दोरा ५० सेंमी, गोळ्याची त्रिज्या १ सेंमी. ‘वस्तुमान बदलू’ म्हणून २ सेंमी त्रिज्येचा जड गोळा लावला की लांबी ५१ची ५२ झाली. २० दोलनांना २८.६७ऐवजी २८.९५ सेकंद. ‘जड गोळा हळू हलतो’ असा निष्कर्ष निघतो, आणि त्यावरचा वाद कुठल्याही कृतीपेक्षा जास्त शिकवतो.

लंबकर्ण: फरक ०.२८ आणि हाताची चूक ०.२. एका वाचनावर वाद घालून काय शिकणार?

बुचाची फाक: दोघांच्या मधलं सांगते. लांबी दोऱ्यापुरतीच मोजू द्या आणि दोलनकालाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढून घ्या. चढ ४.०३च राहतो, फक्त रेषा आरंभबिंदूतून जात नाही. पण १ सेंमी त्रिज्येने अंतःखंड (रेषा उभ्या अक्षाला छेदते ती उंची) जेमतेम ०.०४ येतो, आणि १ मीटरच्या वाचनात वेळेच्या चुकीने वर्गात पडणारा फरकही तेवढाच. म्हणून मुद्दाम ३ सेंमी त्रिज्येचा गोळा द्या, अंतःखंड ०.१२ होतो. वाचनं २० ते १०० सेंमीमध्ये निदान सहा. वेळ मोजायची ती गोळा मध्यबिंदू ओलांडताना, मागे खूण लावून. टोकाला तो रेंगाळतो, तिथे नेमका क्षण पकडता येत नाही.

लंबकर्ण: हे पटलं. मात्र यात साहित्य तुम्ही निवडलंत, मुलांनी नाही!

धागाकर्ता: साहित्य आपलं, आखणी त्यांची, चालेल. कोन मात्र त्यांच्यावर सोडा. ३० अंशांवरून सोडलं तर दोलनकाल १.७ टक्के वाढायला हवा, म्हणजे १ मीटरला २० दोलनांत सुमारे ०.७ सेकंद. प्रत्यक्षात कमी भरतो, कारण झोका मोजता मोजताच लहान होत जातो. मग कोणीतरी आपणहून म्हणतं, ‘इथे १०च दोलनं घेऊ, वाचनं जास्त वेळा घेऊ.’

लंबकर्ण: आणि कोणीच म्हणालं नाही तर?

धागाकर्ता: पाचव्या आणि विसाव्या दोलनाचा कोन मोजायला सांगायचा.