एमडीएडीएमसोबत येणारा एक्झिम टाळता येईल का?

प्रश्न: डेबियन लिनक्सच्या सर्व्हरवर दोन डिस्कांचा रेड-१ (दोन्हींवर तीच माहिती ठेवणारी रचना) तयार करण्यासाठी एमडीएडीएम हे साधन बसवू लागलो, तेव्हा ॲप्ट या पॅकेजे (सॉफ्टवेअरचे संच) बसवणाऱ्या प्रोग्रामने एक्झिम हा मेल सर्व्हरही यादीत घातला. मला या यंत्रावर मेल सर्व्हर नको आहे. तो वगळला तर रेड चालेल का?

उत्तर १: चालेल. ज्यावाचून पॅकेज चालतच नाही ते 'डिपेंड्स', आणि अपवाद वगळता सोबत असावे ते 'रेकमेंड्स' (शिफारस). मेल सर्व्हर दुसऱ्या गटातला आहे, परंतु डेबियनच्या २००९ च्या लेनी आवृत्तीपासून ॲप्ट हा गटही आपोआप बसवते. आदेशाला 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' हा पर्याय जोडावा.

उत्तर २: तसे करण्यापूर्वी ही शिफारस का केली आहे, हे कृपया पाहावे. डिस्क निकामी झाली की एमडीएडीएम ईमेलने सूचना देते. ती पाठवण्याची सोयच नसेल, तर रेड एकाच डिस्कवर मुकाट्याने चालत राहील आणि दुसरी डिस्क गेल्यावरच तुम्हाला कळेल, तेव्हा माहिती हातची गेलेली असेल. म्हणून एक्झिमऐवजी, पत्र बाहेरच्या सर्व्हरकडे सोपवणारे एमएसएमटीपी-एमटीए हे छोटे पॅकेज बसवावे, असा माझा आग्रह आहे.

उत्तर ३: सहमत. कॉन्फिगरेशनमध्ये 'इन्स्टॉल-रेकमेंड्स' कायमचे बंद करता येते, मात्र आधीच आलेली पॅकेजे तेवढ्याने 'ऑटोरिमूव्ह'मध्ये (गरज न उरलेली पॅकेजे काढणाऱ्या आदेशात) निघत नाहीत, कारण बसवलेल्या एखाद्या पॅकेजाची शिफारस असेपर्यंत ॲप्ट त्यांना राखून ठेवते. कोणते पॅकेज कशामुळे आले, हे 'ॲप्टिट्यूड व्हाय' हा आदेश दाखवतो.