सोसायटीच्या नव्या लिफ्ट: चाचणी आणि स्वीकृतीच्या अटी करारात कशा लिहाव्यात?

मुलुंडचे_सचिव

नमस्कार. मुलुंड पूर्वेतील आमच्या 14 मजली इमारतीच्या दोन्ही लिफ्ट बदलण्याचा ठराव सर्वसाधारण सभेने मंजूर केला असून, निवड झालेल्या पुरवठादाराचा करारनाम्याचा मसुदा सध्या कार्यकारिणीसमोर आहे. दराविषयी आमचे काही म्हणणे नाही. काम पूर्ण झाले असे कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर म्हणायचे, हे मात्र मसुद्यातून कळत नाही. चाचणीविषयी त्यात एवढेच आहे की ‘कंपनीच्या प्रचलित पद्धतीनुसार चाचणी घेऊन लिफ्ट हस्तांतरित केली जाईल.’ पुढच्या कलमानुसार, हस्तांतरणाची सूचना मिळाल्यापासून 7 दिवसांत सोसायटीने लेखी हरकत घेतली नाही, किंवा त्याआधीच वापर सुरू केला, तर लिफ्ट स्वीकारली असे मानले जाईल. हप्ते असे आहेत: ऑर्डरसोबत 30 टक्के, कारखान्यातून माल निघण्यापूर्वी 60 टक्के आणि हस्तांतरणाच्या वेळी उरलेले 10 टक्के. वॉरंटी हस्तांतरणापासून 12 महिने किंवा माल निघाल्यापासून 15 महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती.

इमारतीत ज्येष्ठ नागरिक बरेच आहेत. लिफ्ट चालू झालेली दिसत असताना ती वापरू नका असे त्यांना सांगणे आम्हाला जमणार नाही. तेव्हा कोणत्या चाचण्या नावानिशी लिहाव्यात, वापर आणि स्वीकृती वेगळी कशी ठेवावी, आणि पुरवठादार खरोखर मान्य करील अशी भाषा कोणती, याबद्दल अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

निवृत्त_प्रकल्पवाला

सचिवसाहेब, उभारणी संपणे, लिफ्ट चालू होणे, ती चाचणीत उत्तीर्ण होणे आणि सोसायटीने ती स्वीकारणे या चार घटना या मसुद्याने एकाच दिवसात कोंबल्या आहेत. त्या वेगळ्या करा आणि प्रत्येकीला स्वतंत्र तारीख व स्वतंत्र सही असलेला कागद द्या. मोठ्या यंत्रप्रकल्पांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या यलो बुक या नमुना करारातही पूर्णत्वाच्या चाचण्या नवव्या कलमात, ताबा दहाव्यात, दोषांची जबाबदारी अकराव्यात आणि ताब्यानंतरच्या चाचण्या बाराव्यात, अशी फोड आहे. तो जाडजूड नमुना सोसायटीने उचलावा असे मी म्हणणार नाही, पण त्यातला क्रम जरूर उचलावा.

चाचण्या करारनाम्याच्या पोटात न लिहिता परिशिष्टात लिहा आणि प्रत्येकीपुढे कृती, उत्तीर्ण होण्याचा आकडा, मोजण्याचे साधन आणि साक्षीदार यांचा उल्लेख करा. उदाहरणार्थ, 8 प्रवाशांच्या लिफ्टची क्षमता आपल्याकडे माणशी 68 किलो धरून 544 किलो लिहितात. ब्रेकची चाचणी त्याच्या 125 टक्के, म्हणजे 680 किलो वजन ठेवून, पूर्ण वेगाने खाली येणारी लिफ्ट थांबते की नाही हे पाहून घेतात. हे 680 किलो आणायचे कोणी, हे ठरलेले नसेल तर ऐनवेळी चार वॉचमन आणि दोन रहिवासी आत उभे करून भागवण्याचा मोह होतो. तेवढ्याने वजनही भरत नाही आणि माणसांचा जीवही धोक्यात येतो. मोजलेली वजने पुरवठादाराने आणावीत आणि चाचणीच्या वेळी आत कोणीही नसावे, असे स्पष्ट लिहा.

याच पद्धतीने, रिकामी आणि पूर्ण भरलेली अशा दोन्ही स्थितींत प्रत्येक मजल्यावर लिफ्टची फरशी 10 मिलिमीटरच्या आत जुळली पाहिजे, हे लिहा. मेन स्विच बंद केल्यावर एआरडीने (वीज गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या बचाव यंत्रणेने) लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडले पाहिजे. जादा वजन झाल्यास दार बंद न होता सूचना वाजली पाहिजे. फायरमन स्विच दाबल्यावर लिफ्ट मधले सगळे कॉल सोडून ठरलेल्या मजल्यावर आली पाहिजे. इमारतीच्या जनरेटरवर लिफ्ट चालते का हे वेगळे तपासा, कारण वीजपुरवठ्यावर निर्दोष चालणारा ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) जनरेटरवर कुरकुर करू शकतो आणि मग दोष जनरेटरचा की लिफ्टचा हा वाद वर्षभर पुरतो. गव्हर्नर (वेग मर्यादेबाहेर गेल्याचे ओळखणारे यंत्र) आणि सेफ्टी गिअर (लिफ्टला रुळांवर पकडून थांबवणारी यंत्रणा) यांची चाचणी झाली की रुळांवर पकडीच्या खुणा उमटतात. त्या पाहून नव्या मालावर ओरखडे कसे आले म्हणून कोणी सभासद भांडायला उठला, तर त्याला वेळीच थांबवा. त्या खुणा घासून साफ करायच्या असतात, आणि त्या दिसल्याच नाहीत तर चाचणी झाली का हे विचारायचे असते.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा कामाच्या क्रमाचा आहे. पहिली नवी लिफ्ट चाचणीत उत्तीर्ण होऊन, परवाना मिळून, 30 दिवस प्रत्यक्ष वापरात चालल्याशिवाय दुसरी जुनी लिफ्ट उतरवू देऊ नका. या 30 दिवसांत वीज जाणे किंवा रहिवाशांनी केलेली मोडतोड वगळता अन्य कारणाने लिफ्ट प्रवाशांसह अडकली, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायची. पुरवठादाराचे अर्धे काम अजून बाकी असते तेव्हाच तुमचा फोन पहिल्या घंटेला उचलला जातो.

लिफ्टच्या_धंद्यात

वरचा सल्ला चांगला आहे, पण टेबलाच्या या बाजूने काही सांगणे भाग आहे. छोट्या कंत्राटदारांना स्वीकृतीची भीती वाटते ती चाचणीमुळे नव्हे, तर आरशावरचा चरा किंवा पंख्याचा आवाज दाखवून शेवटचे 10 टक्के वर्षभर अडवून ठेवणाऱ्या कमिट्यांमुळे. त्यामुळे दोषांचे दोन वर्ग करारातच करा. सुरक्षेला किंवा रोजच्या वापराला बाधा आणणारा दोष असेल तर स्वीकृती थांबेल. बाकीचे दोष पंच लिस्टमध्ये, म्हणजे उरलेल्या किरकोळ कामांच्या यादीत, तारखेसह जातील आणि त्यांच्यासाठी अंदाजित खर्चाच्या दुपटीइतकीच रक्कम रोखली जाईल. असे लिहिले तर आमच्यातला समजूतदार माणूस बाकीच्या अटींवर फारशी घासाघीस करणार नाही.

दुसरे म्हणजे, सोसायटीच्या गैरहजेरीचा उपाय करारात हवा. चाचणीची तयारी झाल्याची लेखी सूचना मिळाल्यावर 10 दिवसांत सोसायटीने प्रतिनिधी पाठवला नाही, तर आम्ही चाचणी घेऊ आणि तिचा अहवाल उभयतांना बंधनकारक राहील, ही अट मागणे गैर नाही. अध्यक्ष गावी गेले आहेत म्हणून चाचणी महिनाभर लटकलेली मी पाहिली आहे.

तिसरे, लिफ्टच्या खड्ड्याचे वॉटरप्रूफिंग, मशीनरूमपर्यंतची थ्री फेज वीज आणि दाराच्या चौकटींभोवतीचे गवंडीकाम कोणाकडे आहे ते लिहा. आमच्या छापील करारात ही कामे बहुधा ग्राहकाच्या माथी असतात. जुलैत खड्ड्यात पाणी साचले आणि चाचणी पुढे गेली, तर तो उशीर कोणाच्या खात्यावर धरायचा हे आधी ठरलेले बरे.

30 दिवसांच्या अटीला माझी हरकत नाही, मात्र दोन्ही लिफ्टचा माल एकत्र मागवल्यासच कारखान्याकडून हा दर मिळतो. दुसऱ्या लिफ्टचा माल वेगळा मागवा म्हणाल तर किंमत वाढेल.

गिरगावची_वकील

माल एकत्र मागवायला हरकत नसावी, पण मग वॉरंटीचे ‘माल निघाल्यापासून 15 महिने’ हे शेपूट कापावेच लागेल. दुसऱ्या लिफ्टचे साहित्य तुमच्या पार्किंगमध्ये पडून असतानाच तिची वॉरंटी झिजत जाईल. प्रत्येक लिफ्टची वॉरंटी तिच्या स्वतःच्या स्वीकृती प्रमाणपत्राच्या तारखेपासून मोजा.

आता कायद्याची बाजू. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 42 नुसार खरेदीदाराने स्वीकारल्याचे कळवले, विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे कृत्य केले, किंवा वाजवी मुदत उलटूनही नाकारल्याचे न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरले जाते. आणि कलम 13 नुसार स्वीकारानंतर सर्वसाधारणपणे माल परत करण्याचा मार्ग बंद होऊन केवळ नुकसानभरपाईचा उरतो. लिफ्टची उभारणी ही निव्वळ मालविक्री नव्हे, त्यामुळे हा कायदा जसाच्या तसा लागू होतो की नाही यावर वाद घालता येईल. असल्या वादात पडण्यापेक्षा करारातच लिहावे की, रहिवाशांनी केलेला वापर ही स्वीकृती नाही आणि सचिव व अध्यक्ष यांच्या सहीचे लेखी प्रमाणपत्र हीच एकमेव स्वीकृती आहे.

उशिराबद्दल दर आठवड्याला ठरावीक टक्के कपात आणि तिला एकूण कमाल मर्यादा, असे कलम घाला. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 नुसार न्यायालय नमूद रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते, म्हणून आकडा दहशत बसावी असा नसावा. त्याच अधिनियमाचे कलम 55 मात्र अनेक सोसायट्यांच्या लक्षात येत नाही. मुदतीला महत्त्व असलेल्या करारात काम उशिरा झाले आणि तुम्ही ते तसेच स्वीकारले, तर उशिराबद्दल भरपाई मागणार असल्याची सूचना स्वीकारतानाच दिलेली असावी लागते. नंतर आठवण होऊन उपयोग नसतो. स्वीकृती प्रमाणपत्राच्या नमुन्यातच ‘विलंबाबाबतचे हक्क राखून’ हे शब्द आधीपासून छापून ठेवा.

पार्ल्याचा_रहिवासी

सरकारी तपासणी आणि करारातील चाचणी यांची गल्लत होऊ देऊ नका. महाराष्ट्रात लिफ्ट उभारण्याची परवानगी आणि ती चालवण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निरीक्षक सुरक्षितता पाहतो. तुम्ही पैसे मोजलेला कंट्रोलरच (लिफ्टचे नियंत्रण करणारी यंत्रणा) बसवला आहे का, किंवा ठरलेला वेग मिळतो का, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. उलट, परवान्याशिवाय केवळ चाचणीच्या अहवालावर लिफ्ट स्वीकारली, तर पैसे देऊनही ती कायद्याने चालवता येत नाही. परवाना हाती आल्याशिवाय रहिवाशांचा वापर सुरूच होणार नाही, असे करारात आणि नोटीस बोर्डावर दोन्हीकडे लिहा.

मुलुंडचे_सचिव

सर्वांचे आभार. दोन शंका उरतात. माल निघण्यापूर्वीच 90 टक्के रक्कम गेलेली असेल, तर स्वीकृतीच्या अटी कितीही चोख असल्या तरी आमच्या हातात काय उरते? आणि 10 टक्के वर्षभर रोखून धरण्याला पुरवठादार तयार नाही. तो लघुउद्योग म्हणून नोंदणीकृत असल्याने आम्हाला त्याची रक्कम अशी रोखता येत नाही, असे तो सांगतो.

निवृत्त_प्रकल्पवाला

पहिल्या शंकेपुरते सांगतो. ऑर्डरसोबत 20, माल निघण्यापूर्वी 50, उभारणीनंतर 15 आणि स्वीकृतीनंतर 15 टक्के असे मागून पाहा, आणि 20-60-10-10 वर तडजोड झाली तरी समाधान माना. 60 टक्क्यांच्या हप्त्याआधी मात्र तुमच्या प्रतिनिधीने कारखान्यात जाऊन मोटर, कंट्रोलर आणि दारांची यंत्रणा यांचे मॉडेल व अनुक्रमांक मंजूर तांत्रिक तक्त्याशी ताडून पाहण्याची अट घाला. माल पार्किंगमध्ये उतरल्यावर चुकीची मोटर आल्याचे कळले, तर ती बदलून मिळण्याऐवजी तीच कशी चालेल याची व्याख्याने ऐकावी लागतात.

गिरगावची_वकील

पुरवठादाराच्या म्हणण्यात तथ्य आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 च्या कलम 15 नुसार सूक्ष्म व लघु उद्योगांना स्वीकृतीपासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करारात काहीही लिहिलेले असले तरी. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. लिफ्टच्या उभारणीसारख्या एकत्रित कामांना हा अधिनियम लागू होतो की नाही यावर युक्तिवाद करता येतो, पण सोसायटीने तो धोका विकत घेऊ नये. शेवटचे 10 टक्के रोखण्याऐवजी ते स्वीकृतीनंतर चुकते करा आणि तेवढ्याच रकमेची बिनशर्त बँक हमी घ्या, जिची मुदत वॉरंटी संपल्यानंतर आणखी 2 महिने राहील. हमीचे शुल्क कोणी भरायचे यावर ताणू नका. रक्कम किरकोळ असते.

मुलुंडचे_सचिव

वरील सूचनांवरून कलम असे बांधले आहे: ‘परिशिष्टातील सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्यावर, परवाना प्राप्त झाल्यावर आणि त्यानंतर 30 दिवसांचा निर्दोष वापर पूर्ण झाल्यावर सोसायटी प्रत्येक लिफ्टसाठी स्वतंत्र स्वीकृती प्रमाणपत्र 7 दिवसांत देईल किंवा न देण्याची कारणे लेखी कळवील. या कालावधीतील वापर म्हणजे स्वीकृती नव्हे. त्रुटी असल्यास त्या 30 दिवसांच्या अखेरीस एकत्रितपणे कळवण्यात येतील.’

गिरगावची_वकील

शेवटचे वाक्य काढा. त्याच 2006 च्या अधिनियमानुसार माल किंवा सेवा मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत नोंदवली नाही, तर स्वीकृती झाल्याचे मानले जाते. हरकत वेळेत नोंदवली असेल, तर पुरवठादाराने ती दूर केल्याचा दिवस हा स्वीकृतीचा दिवस ठरतो. त्रुटी 30 दिवस साठवून ठेवल्या तर पहिल्याच पंधरवड्यात तुमची बाजू लंगडी पडेल. त्याऐवजी ‘आढळलेल्या त्रुटी वेळोवेळी लेखी कळवण्यात येतील’ असे लिहा. परवाना मिळून वापर सुरू झाला की पहिल्या आठवड्यातच, 30 दिवसांची मोजणी चालू असून तोवर स्वीकृती राखून ठेवली आहे, असे पत्र पाठवा आणि त्याची पोचही घ्या. नुसता ईमेल पाठवून थांबू नका. पुरवठादाराच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने प्रत जाऊ द्या.