घरी केस रंगवणारी बाई कद्रू असते का?

निवांत_नलू

परवा बटमोगरा यांनी एक पोस्ट टाकली होती. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दोनशेचं पाकीट आणून बाथरूममध्ये डोक्यावर थापणाऱ्या बायकांना स्वतःची किंमत कळत नाही, साडीला पाच हजार मोजतील पण केसांसाठी हात आखडतात, आणि "चेहऱ्याची चौकट स्वस्तात बसवू नये". ती चौकट माझ्या डोक्यात गेली. तिथे उत्तर लिहायला बसले तर लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी ४९ वर्षांची, डोंबिवली पूर्व. केस तिशीतच पिकायला लागले, आईकडून आलंय. महिन्याला केस वाढतो साधारण सव्वा सेंटिमीटर, आणि माझा भांग मधोमध. तिसऱ्या आठवड्यात भांगात रांगोळी ओढल्यासारखी रेघ दिसते. म्हणजे चार आठवड्यांनी एकदा रंग, वर्षाला १३ वेळा. आमच्याकडे सलूनवाले नुसत्या मुळांचे १,५०० घेतात. झाले १९,५००. पाकीट मिळतं २३० ला, त्याचे होतात २,९९०. मधले साडेसोळा हजार मी का घालवू, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगा.

आणि वेळ? रविवारी सलूनमध्ये दोन तास बाकड्यावर बसायचं, वर "मॅम, केस फार ड्राय झालेत, स्पा घ्या" हे ऐकायचं. घरी शनिवारी रात्री कुकर लावते, जुना गाऊन चढवते, कपाळाच्या कडेने आणि कानाच्या पाळ्यांना व्हॅसलीन फासते, प्लॅस्टिकच्या वाटीत कालवते. पुढचं माझं मी करते. मागचं डोकं नवरा करतो, जुन्या टूथब्रशने. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कंगव्याच्या शेपटीने एकेक पदर उचलणार आणि दर दोन मिनिटांनी "हलू नकोस गं". या माणसाने घराची भिंत कधी इतकी मन लावून रंगवली नाही.

तर बटमोगराताई, माझी चौकट व्यवस्थित आहे.

टक्कलपंत

माझा वर्षाचा खर्च शून्य. चालू द्या.

बटमोगरा

माझी पोस्ट अर्धीच सांगितलीत. पुढे लिहिलं होतं की "परवडत असूनही". ज्यांना परवडत नाही त्यांच्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. पण नवऱ्याचं कौतुक करायचं होतं तर तसा वेगळा धागा काढायचा, माझं नाव कशाला?

मीही घरीच करायचे. खोक्यावर गडद तपकिरी, वर हसऱ्या बाईचा फोटो. मावसबहिणीच्या लग्नाआधी दोन दिवस लावला तर काळाकुट्ट झाला. तपकिरीचा मागमूस नाही. लग्नाच्या अल्बममध्ये मी हेल्मेट घालून अक्षता टाकतेय असं दिसतं. तो काळा उतरवायला नंतर सलूनमध्येच गेले, तीन बैठका आणि सात हजार. तुमच्या गुणाकारात हे कुठे बसतं?

निवांत_नलू

बसत नाही, कारण दोन दिवस आधी नवीन शेड लावायचा शहाणपणा मी केलेला नाही.

कात्री_कंगवा

सांगलीत २२ वर्षं पार्लर चालवतेय. नलूताई, राग मानू नका, एक विचारते. रंग लावताना दर वेळी टोकापर्यंत ओढता ना?

ओढत असणार. घरी करणाऱ्या दहातल्या नऊ जणी ओढतात, "उरलाय तर कशाला वाया घालवा" म्हणून. मुळांना महिन्यातून एकदा रंग बसतो, पण टोकांवर त्याच रंगाचे पंधरा-वीस थर चढलेले असतात. उन्हात उभं राहून शेंडा पुढे घ्या आणि बघा. मुळाशी तपकिरी, खाली कोळसा. माझ्याकडे बाई आली की खुर्चीत बसवायच्या आधी मी तिला दारात उजेडाला नेते, ते यासाठीच. १,५०० जे देता ते रंगाचे नसतात. रंगाची ट्यूब मलाही दोन-अडीचशेलाच पडते. तुमचं डोकं मागून बघणाऱ्या डोळ्यांचे ते पैसे.

अजून एक. खोक्यातलं पाणी सगळ्यांसाठी एकच असतं, बहुतेक ६ टक्क्यांचं पेरॉक्साईड, ज्याला आम्ही २० व्हॉल्यूम म्हणतो. पांढरे झाकायला ते चालतं. पण कुणाला नुसता थोडा गडद रंग हवा असेल तर ३ टक्के पुरतं, उजळ हवा असेल तर ९ लागतं. आणि उजळ करताना मुळाजवळचा पहिला सेंटिमीटर डोक्याच्या उष्णतेने आधी उजळतो, त्यामुळे तिथे शेवटी लावायचं असतं. घरी नेमकं उलटं होतं. मग मुळं नारंगी आणि खाली काळं, असं मांजर होऊन बायका माझ्याकडे येतात.

वाघोलीकर

हे सगळं ठीक आहे, पण मूळ मुद्दा कुणी बोलतच नाहीये. पाणी!

घरी करा नाहीतर सलूनमध्ये. मी दोन्ही केलंय. वाघोलीत टँकरचं पाणी येतं, तो कुठल्या बोअरवरून भरतो देवाला माहीत. साबणाला फेस नाही, बादलीला पांढरा थर, गीझरची कॉइल दोन वर्षांत गेली. केस धुतले की काथ्या. विमाननगरला जाऊन २,८०० देऊन केलेला रंग तीन आठवड्यांत विटला. तीच मी माहेरी नाशिकला महिनाभर राहिले तर घरचा २०० चा रंगसुद्धा छान टिकला. आता सांगा, दोष पाकिटाचा की सलूनचा?

म्युनिकची_माई

पाण्याचा नाही, हे नक्की. आमच्या म्युनिकचं पाणी दाबून जड आहे, किटलीला दर पंधरवड्याला व्हिनेगर घालावं लागतं. माझा रंग सहा आठवडे टिकतो. तुम्ही कढत पाण्याने केस धूत असाल किंवा शाम्पू कडक असेल, ते आधी तपासा.

(मी घरीच करते. इथे सलूनला ८० युरो घालवून दुसऱ्या दिवशी रुपयांत हिशेब करायची सवय अजून सुटलेली नाही.)

वाघोलीकर

माई, म्युनिकचं जड पाणी आणि वाघोलीचं जड पाणी यांत फरक आहे. तुमच्याकडे नगरपालिका मोजून देते. आमच्याकडे टँकरवाला देतो आणि विचारलं तर म्हणतो, "मॅडम, गोड आहे." गोड!

सोसायटीने चार लाखांचा सॉफ्टनर बसवलाय. त्यात मिठाची पोती टाकावी लागतात, नाहीतर तो नुसता शोभेचा पिंप. मागच्या वार्षिक सभेत नव्या कमिटीने "खर्चात काटकसर" म्हणून मीठ आणणं बंद केलं. मी हात वर करून विचारलं तर खजिनदार म्हणतात, ताई, प्यायला घरोघरी आरओ आहेतच. अरे, मी आरओच्या नळाखाली डोकं धुवू का?

डेक्कनचा_रहिवासी

पालिकेची हद्द संपते तिथे फ्लॅट घ्यायचा आणि मग पाण्याच्या नावाने गळा काढायचा. खडकवासल्याचं पाणी येतं त्याला आम्ही काय करायचं?

वाघोलीकर

वाघोली २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे. मालमत्ता कर भरतो आम्ही, पावत्या आहेत. आणि तुमचे आजोबा डेक्कनला राहिले यात तुमचं कर्तृत्व काय?

डेक्कनचा_रहिवासी

आजोबांवर जाऊ नका. स्वतःचे केस सांभाळा आधी.

वाघोलीकर

तेच तर सांभाळायला पाणी मागतेय!!

निवांत_नलू

अहो, धागा केसांचा आहे. टँकरचं भांडण सोसायटीच्या ग्रुपवर न्या.

कात्रीताई, तुमचं उत्तर वाचून सकाळी गॅलरीत जाऊन शेंडा बघितला. बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण हो. कोळसा. झालं समाधान?

सातारी_कंदी

इतके प्रतिसाद झाले आणि चाचणीबद्दल एकही शब्द नाही, ना घरवाल्यांकडून ना सलूनवाल्यांकडून.

गडद रंगांत बहुतेक वेळा पीपीडी हे रसायन असतं. कुणाला ते कधी बाधेल सांगता येत नाही, दहा वर्षं सोसलेलं अकराव्या वर्षीही बाधतं. म्हणून ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा रंग लावून बघायचा. ती बारीक अक्षरांतली सूचना कायद्याने छापावी लागते, आणि त्यातच लिहिलेलं असतं की पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. माझ्या मोठ्या दिरांनी भुवया रंगवल्या होत्या. डोळे वाचले, पण तोंड चार दिवस भाकरीसारखं फुगलेलं. घरात लग्न, आणि हे खोलीचं दार लावून आत.

माझं स्वतःचं सांगते. एका चकाचक सलूनमध्ये गेले, सांगितलं की मला ॲलर्जीचा त्रास आहे. मुलगी म्हणाली, "मॅम, अमोनिया-फ्री आहे, काही होत नाही." अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही, असं कुठे असतं? अमोनियाचं काम केसाचं वरचं आवरण सैल करायचं. त्याच्या जागी तेच काम करणारं दुसरं रसायन घालतात, ज्याला तेवढा उग्र वास येत नाही, इतकंच. रात्री टाळूची आग आग, सकाळी कानामागे पाण्याचे फोड. सलूनवाले म्हणाले, तुमची स्किन सेन्सिटिव्ह आहे. तेच तर मी खुर्चीत बसताना सांगितलं होतं!

नैसर्गिकच_बरं

म्हणून मी फक्त काळी मेंदी लावते. झाडाची. एकदम सुरक्षित.

सातारी_कंदी

मेंदीच्या झाडाला काळी मेंदी येत नाही. मेंदीचा रंग लालसर-नारंगी, बस. काळा हवा तर मेंदीनंतर निळीच्या पाल्याची पूड वेगळी लावावी लागते, दोन टप्प्यांत, अर्धा दिवस जातो. तासाभरात काळंभोर करणारी "मेंदी" असेल तर पुडीच्या मागचं वाचा, बहुतेक तेच पीपीडी सापडेल.

नैसर्गिकच_बरं

आमच्या आजीने आयुष्यभर लावली.

सातारी_कंदी

आजीचे केस लाल होते की काळे?

नैसर्गिकच_बरं

लाल. पण तो मुद्दा नाही.

बटमोगरा

एकूण काय, सलूनवाले चोर आणि आम्ही मूर्ख. उत्तम.

सातारी_कंदी

तसं नाही. उलट सलूनमधल्या मुलींचा जीव मला जास्त वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१० मध्ये या कामाचं वर्गीकरण छापलं. आपण स्वतःच्या डोक्याला लावतो त्याबद्दल त्यांनी "ठरवता येत नाही" म्हटलंय. पण केस कापणं-रंगवणं हाच ज्यांचा रोजचा धंदा, त्यांच्या कामाला "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलंय. आपण महिन्यातून एकदा लावतो, त्या मुली दिवसाला सहा डोकी करतात. माझं करणाऱ्या मुलीच्या हातात एकच मोजा होता, दुसरा फाटलेला. नखं निळी-काळी.

कात्री_कंगवा

खरं आहे. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं दर हिवाळ्यात उलतात. सुरुवातीची सात वर्षं मोजे घातले नव्हते, मोज्यातून केसांचा पोत कळत नाही अशी समजूत. आता मुलींना सक्तीने घालायला लावते. चाचणीचं मात्र कबूल करते, मीही फक्त नवीन गिऱ्हाइकालाच विचारते. दोन दिवस आधी येऊन जा म्हटलं की बाई समोरच्या पार्लरमध्ये जाते, जिथे लगेच करतात.

निवांत_नलू

आणि पैसे? २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनवरचा जीएसटी १८ चा ५ टक्के झाला. आमच्या इथल्या दरपत्रकावर एक रुपया खाली आलेला नाही. मी विचारलं तर काउंटरवरची म्हणाली, "मॅम, आता ऑफर चालू आहे."

कात्री_कंगवा

सगळ्यांना एका मापाने मोजू नका. वर्षाला २० लाखांच्या आत धंदा असलेल्या माझ्यासारखीला जीएसटी लावायचाच नसतो, मी कमी काय करणार? आणि मोठ्यांनाही ५ टक्के केला तो खरेदीवर भरलेल्या कराची वजावट काढून घेऊन. तरी थोडा भाव उतरायला हवा होता, हे मान्य.

बटमोगरा

नलूताई, "कद्रू" हा शब्द मी वापरला नव्हता, तो तुमचा. पण "स्वतःची किंमत कळत नाही" हे लिहायला नको होतं. मुळं घरी करा, माझी हरकत नाही. शेड बदलायची असेल तेव्हा तरी सलूनमध्ये जा.

निवांत_नलू

हरकत नाही म्हणालात, उपकार झाले. आता शांतपणे झोप लागेल.

कात्रीताई, तो टोकांचा कोळसा घरच्या घरी काढता येतो का? एक फिकट शेडचं पाकीट आणून वर लावलं तर?

कात्री_कंगवा

नाही ताई. रंगाने रंग उजळत नाही, फिकट शेड काळ्यावर दिसणारसुद्धा नाही. उलट मुळं तेवढी उजळतील आणि मांजर होईल. आता फक्त मुळांनाच लावत जा, उरलेला सरळ बेसिनमध्ये ओता, जीव जळला तरी. आणि दर दोन महिन्यांनी इंचभर कापा. वर्ष-दीड वर्ष लागेल. तुमच्या मिस्टरांना सांगा, ब्रश पांढऱ्यावरच फिरवायचा, जुन्या रंगाची हद्द आली की थांबायचं.

निवांत_नलू

त्यांना दाखवलं. म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो, तूच ओढ म्हणायचीस." हे खोटं आहे.

वाघोलीकर

एक तातडीचं. या धाग्याच्या नादाने आज घरीच लावला. ३५ मिनिटं झाली, नळ उघडला तर कोरडा. टँकर आलाच नाहीये. खाली विचारलं तर म्हणे, "अर्ध्या तासात." अजून किती वेळ ठेवला तर चालेल?

कात्री_कंगवा

ठेवू नका! प्यायचं पाणी आहे ना घरात? तेच वापरा, लगेच.

वाघोलीकर

२० लिटरचा जार आहे. नवऱ्याला ओतायला उभा केलाय.

डेक्कनचा_रहिवासी

म्हणजे शेवटी आरओच्याच पाण्याने डोकं धुतलंत.