शब्दचर्चा : सुटलं, सोडलं आणि धडपडलं

प्रश्न

गेले काही आठवडे आम्ही चौघं मित्रमैत्रिणी रात्री 'ह्यूमन फॉल फ्लॅट' हा व्हिडिओ गेम खेळतोय. लिथुआनियातल्या नो ब्रेक्स गेम्सचा हा खेळ २०१६ साली आला. सुरुवातीला एकाच पडद्यावर दोघांना खेळता यायचं, २०१७ पासून ऑनलाइन आठ जणांपर्यंत खेळता येतं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ओल्या मातीच्या गोळ्यासारखी पांढरी, बिनचेहऱ्याची माणसं. पाय सतत लटपटणारे. माउसचं डावं बटण दाबलं की डावा हात उठतो, उजवं दाबलं की उजवा. हात ज्या वस्तूला लागेल तिला चिकटतो आणि बटण सोडलं की सुटतो. एवढ्या भांडवलावर दारं उघडायची, ठोकळे हलवायचे, दऱ्या ओलांडायच्या.

परवा मावशीनं विचारलं, "काय गं खेळता एवढं, हसण्याचा आवाज येत असतो?" मी म्हटलं, "सिली, फिजिक्स-बेस्ड को-ऑप पझल गेम." त्यात मराठी असं काहीच नव्हतं. मग 'भौतिकशास्त्राधारित सहकारी कोडे-खेळ' असं जुळवून पाहिलं, आणि मलाच ते परक्या कुणाचं वर्णन वाटलं. याउलट खेळताना आमच्या तोंडून जी मराठी निघते ती इतकी नेमकी असते की मी आता कागदावर शब्द टिपून ठेवायला लागलेय. तेव्हा या खेळाला मराठीत काय म्हणावं, आणि फिजिक्स, को-ऑप, सिली या तीन शब्दांचं काय करावं?

उत्तर

को-ऑपपासून सुरुवात करतो, कारण ते सोपं आहे. 'सहकारी' हा शब्द आता संस्थेला तरी लागतो किंवा कार्यालयातल्या माणसाला तरी. 'सांघिक' म्हटलं की समोर दुसरा संघ हवा. तुमच्या खेळात समोर कुणीच नाही, आहे ती दरी आणि बंद दार.

आपल्याकडे 'भिडू' आहे की! भिडू म्हणजे आपल्या बाजूचा. 'भिडूंचा खेळ' म्हटलं की कुणी कुणाला हरवायचं नाहीये हे लगेच कळतं. शिवाय त्यात 'भिडणं' ऐकू येतं, आणि तुम्ही केलेलं वर्णन वाचून वाटतं की हात चिकटलेली ही माणसं एकमेकांना अक्षरशः भिडलेलीच असणार.

उत्तर

भिडू मान्य. पण 'फिजिक्स'वर थोडं थांबू या, कारण या खेळांच्या संदर्भात तो शब्द शास्त्राचं नाव म्हणून येतच नाही. खेळाडू जेव्हा म्हणतो "याचं फिजिक्स भारी आहे", तेव्हा त्याला म्हणायचं असतं की इथल्या वस्तूंना वजन आहे, घर्षण आहे, त्या कलंडतात, घरंगळतात. ठोकळा किती सरकेल हे कुणी आधी रेखाटून ठेवलेलं नसतं. ते त्या क्षणी मोजलं जातं. हा खेळ ज्या युनिटी इंजिनात (म्हणजे खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बनवलाय, त्यात मूळ मांडणीच सेकंदाला ५० वेळा ही आकडेमोड करण्याची असते. म्हणून इथे लांब फळीखाली टेकू लावला तर खरोखर तरफ तयार होते, आणि टेकू जड वस्तूच्या जवळ सरकवला तर कमी जोरात काम होतं. भौतिकशास्त्र या शब्दात यातलं काही जाणवत नाही. 'वजनाचा खेळ', 'तोलाचा खेळ' यात जाणवतं.

आता त्या लटपट्या माणसाबद्दल. त्याला सगळे 'रॅगडॉल' म्हणतात, म्हणजे चिंध्यांची बाहुली. हा शब्द खेळांत आला तो मेलेल्या पात्रांसाठी. पूर्वी पात्र मेलं की आधीच तयार केलेली पडण्याची चित्रमालिका दाखवत. जिन्यावर मेलं तरी तसंच, भिंतीला टेकून मेलं तरी तसंच. २००० साली आलेल्या 'हिटमॅन : कोडनेम ४७' या खेळात प्रेतं प्रसंगानुसार कोसळू लागली, आणि त्याची रीत त्याच खेळावर काम केलेल्या थॉमस याकोबसेन यांनी २००१ मध्ये लिहून मांडली. शरीर म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या न ताणल्या जाणाऱ्या काठ्या. बिंदू हलू द्यायचे, मग काठ्यांची लांबी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत जायची. तेवढ्यानं ते शरीर विश्वास बसेल असं गळाठतं.

पण तुमचा पांढरा गडी मेलेला नाही. तो उभं राहायला बघतो. त्याच्या सांध्यांत स्वतःला सरळ ठेवायचा जोर घातलेला असतो आणि तो जोर जेमतेम पुरतो. म्हणून 'चिंध्यांची बाहुली' हे भाषांतर मला चुकीचं वाटतं. बाहुली गळाठते, ती भेलकांडत नाही. भेलकांडायला आधी उभं राहण्याची इच्छा लागते. मराठीत 'लटपटणं' पायांचं, 'डुगडुगणं' टेबलाचं, 'डगमगणं' होडीचं (आणि मनाचं), 'हिंदकळणं' भरलेल्या भांड्यातल्या पाण्याचं, 'कोलमडणं' सगळ्याचं एकदम. या खेळातला माणूस एका मिनिटात हे सगळं करतो. मी त्याला 'लटपट्या' म्हणेन.

उत्तर

'सिली'ला 'खुळा'. 'मूर्ख' आणि 'बावळट' यांत कुणीतरी खाली पाहतंय, 'बाष्कळ' बोलण्याला लागतं, 'पोरकट'मध्ये नाराजी आहे. 'खुळा खेळ' म्हणताना माया राहते.

आणि खेळाच्या नावाचं कुणी काही म्हटलं नाही अजून! इंग्रजी नावात दोन अर्थ आहेत, तोंडावर पडणं आणि फसणं. मराठीत 'सपशेल आपटणं' या दोन्ही अर्थांनी चालतं. माणूस जमिनीवर सपशेल आपटतो, आणि बेतही.

प्रश्नकर्ती

'सपशेल आपटला' आजपासून वापरणार! आता माझ्या कागदावरचं सांगते, कारण मला खरा खजिना तिथे वाटतोय.

पहिली गोष्ट, ढकलायचे शब्द. आम्ही आधी सगळ्यालाच 'ढकल' म्हणायचो आणि घोटाळे व्हायचे. आता आपोआप विभागणी झालीय. एक धक्का द्यायचा असेल तर 'ढकल'. पुढे कड्यावरून जाऊ द्यायचं असेल तर 'लोटून दे'. ठोकळा जड आहे, अंग टेकवून दम न सोडता लावून धरायचं आहे, तर 'रेट'. "रेट, रेट, रेटत राहा!" हे ओरडल्यावर काय करायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. तसंच 'लटक' आणि 'लोंबकळ'. लटकलेला स्थिर असतो, लोंबकळणारा हेलकावे खात असतो, आणि पलीकडच्या कड्यावर झेप घ्यायची तर हेलकावाच लागतो.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. या खेळात आम्ही 'मी पाडलं', 'मी सोडलं' जवळजवळ म्हणतच नाही. 'पडलं', 'सुटलं', 'निसटलं', 'घसरलं' असंच म्हणतो. फार तर 'माझ्या हातून पडलं'. सुरुवातीला वाटलं, आम्ही दोष टाळतोय. पण तसं नाहीये. हात माझा आहे, बटण मी दाबलंय, आणि तरीही ते मी केलेलं नाही, मध्ये त्या लटपट्याचं वजन आलं. 'पाडलं' आणि 'पडलं' यांच्या मधली ती जागा 'हातून'नं बरोबर पकडली. चढता आलं नाही तरी आमचा एक मित्र "चढलो नाही" म्हणत नाही, "चढवत नाहीये मला" म्हणतो. शाळेत शक्य क्रियापदं शिकले तेव्हा उदाहरणं पाठ केली होती. ती कशासाठी असतात ते त्याला भिंतीला लोंबकळताना पाहून कळलं.

आणि 'सुटलं'ची गंमत तर सांगायलाच हवी. एक जड सरकतं दार होतं. एकानं ते वर उचलून धरायचं, बाकीच्यांनी खालून जायचं. दोघं गेले, मी मध्ये होते, आणि मागून आरोळी आली, "सुटलं!" पुढचे दोघं आनंदानं उड्या मारायला लागले, त्यांना वाटलं कोडं सुटलं. सुटलं होतं ते दार, आणि ते माझ्या डोक्यावर होतं. मी तिथून गडगडत खाली दरीत. खाली पडलं की हा खेळ तुम्हाला आभाळातून पुन्हा टाकतो, तसा माझा माणूस वरून टपकला तेव्हा चौघंही हसून बोलायच्या अवस्थेत नव्हतो. ('रीस्पॉन'ला आम्ही तेव्हापासून 'टपकणं'च म्हणतो.)

उत्तर

तुमच्या या टिपणात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. कोडं सुटणं आणि हात सुटणं हे या खेळात सतत एकमेकांशेजारी आहेत. या दोन्हींना कवेत घेणारा एक शब्द आहे, धडपड. मूल धडपडलं म्हणजे अडखळून पडलं. मूल धडपडतंय म्हणजे जीव तोडून प्रयत्न करतंय. एकच क्रियापद, आणि दोन्ही अर्थ रोजच्या वापरातले. 'धडपडीचा खेळ' म्हणा. खुळेपणाही त्यात आला, वजनही आलं.

उत्तर

धडपड सुंदर आहे, पण ती एकट्याचीही असते. २००८ चा बेनेट फॉडी यांचा 'क्वॉप' आठवा. चार कळा, दोन मांड्यांसाठी आणि दोन पोटऱ्यांसाठी, आणि धावपटूला चार पावलं टाकवताना घाम फुटायचा. तोही धडपडीचाच खेळ, पण तिथे हात द्यायला कुणी नव्हतं. तेव्हा वरचा भिडू सोडू नका.

उत्तर

आणि कोडं? या खेळातलं कोडं कुणी 'घालत' नाही, त्याचं उत्तरही एकच नसतं. दार रीतसर उघडायचं की काहीतरी आपटून वाट फोडायची, खेळाला दोन्ही चालतं. मी तिथे 'तोड काढणं' वापरेन.

प्रश्नकर्ती

काल मावशीला पुन्हा सांगितलं, "भिडूंनी मिळून खेळायचा धडपडीचा खेळ आहे." ती म्हणाली, "मग मला का नाही घेत?" तिला डावा हात आणि उजवा हात समजावून दिला. पहिल्या पाच मिनिटांत ती तीनदा सपशेल आपटली. चौथ्यांदा माझ्या माणसाच्या पायाला धरून लोंबकळली आणि ओरडली, "अगं, ओढ मला, सोडू नकोस!" मी सोडलं नाही. सुटलं.