मुलगा म्हणतो ‘तिथलं कल्चर भारी आहे’. कॉलेज फुटबॉलमध्ये याला कितपत अर्थ असतो?

ओलेथाकर

नमस्कार मंडळी. आम्ही कॅन्ससमध्ये ओलेथाला राहतो. मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, अमेरिकन फुटबॉलमध्ये सेफ्टी (बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा) खेळतो. घरात खेळाची परंपरा म्हणाल तर माझे सासरे सांगलीला कबड्डी खेळायचे, तेवढीच. त्यामुळे हे रिक्रूटिंगचं (कॉलेजांनी खेळाडू निवडण्याचं) प्रकरण आम्ही दोघंही डोळे विस्फारून बघतोय.

सध्या दोन पर्याय समोर आहेत. एका डिव्हिजन टू (कॉलेज खेळांमधली दुसरी पातळी) कॉलेजने थोडी स्कॉलरशिप देऊ केली आहे. दुसरीकडे एका मोठ्या विद्यापीठाने ‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ म्हणून बोलावलंय, म्हणजे टीममध्ये घेणार पण फी आपली आपण भरायची. चिरंजीव मोठ्याकडे झुकलेत. का, तर “आई, तिथलं कल्चर वेगळं आहे.”

आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. दोन्हीकडे कोच फॅमिली, कल्चर आणि ग्रिट (चिकाटी) हेच बोलले, भिंतींवरही तेच रंगवलेलं. बार्बेक्यूसुद्धा बहुतेक एकाच केटररचं असावं! नवरा म्हणतो हे सगळं गिऱ्हाईक पटवणं आहे, जो पैसा ओततो तो जिंकतो.

मला विचारायचंय ते हे: कल्चर आणि चिकाटीने टीम उभी राहिली असं एखादं धडधडीत उदाहरण आहे का? आणि असलंच, तर आईबापांनी ते ओळखायचं कसं?

---

टवाळ_बोका

तुमच्या यजमानांना माझा पूर्ण पाठिंबा.

२०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येतात. त्याच वर्षापासून एकदा कॉलेज बदलून लगेच खेळताही येऊ लागलं. २०२५ पासून तर विद्यापीठंच थेट पैसे वाटतात, पहिल्या वर्षाची मर्यादा सगळ्या खेळांना मिळून साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर. या बाजारात कसली आलीय फॅमिली? जिंकले की कल्चर, हरले की कोचच्या हातात नारळ. तोही कोट्यवधींचा.

---

गिरणीवाला

ताई, धडधडीत उदाहरण मागितलंत म्हणून लिहितोय. एरवी मी या विषयावर तोंड उघडलं की घरचे खोली सोडून जातात.

मी कॅन्सस स्टेटला होतो, मॅनहॅटनमध्ये. न्यूयॉर्कचं नव्हे, तुमच्यापासून दोन तासांवरचं. विषय ग्रेन सायन्स, म्हणजे घरच्यांच्या भाषेत ‘दळणात पीएचडी’. हसून घ्या.

१९८८ च्या शेवटी बिल स्नायडर तिथे कोच म्हणून आले, तेव्हा ती टीम अमेरिकेतली सगळ्यात रडकी टीम होती. पाचशे सामने हरण्याचा मान मिळवणारं पहिलं विद्यापीठ आमचं. १९८७ आणि १९८८ या दोन हंगामांत विजय शून्य. माझे घरमालक शेतकरी होते आणि त्या काळातही न चुकता सामन्याला जायचे. ते सांगत, दुसऱ्या हाफला बँडवालेच प्रेक्षकांपेक्षा जास्त असायचे. थोडं मीठमसाला लावून सांगत असतील, पण फार नाही.

१९८९ मध्ये स्नायडरनी काय केलं? एक सामना जिंकला. नॉर्थ टेक्सासविरुद्ध, २०-१७, तोही शेवटच्या क्षणी. बाकी दहा हरले. पुढच्या वर्षी पाच जिंकले, त्याच्या पुढच्या वर्षी सात, मग परत पाच. १९९३ मध्ये नऊ, आणि विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला ‘बोल’ (हंगामानंतरचा मानाचा सामना) विजय. पाच वर्षं गेली यात. मधल्या १९९२ च्या घसरणीला आजचा एखादा विद्यापीठाचा अध्यक्ष कोचला घरी पाठवून मोकळा झाला असता. आमचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन वेफाल्ड यांनी तसं केलं नाही, आणि माझ्या मते ‘कल्चर’मधला अर्धा भाग तिथेच आहे. कोचची चिकाटी सगळ्यांना दिसते, त्याला नेमणाऱ्याची दिसत नाही.

स्नायडरांची सोळा ध्येयं होती. बांधिलकी, निःस्वार्थीपणा, एकी, सुधारणा, शिस्त, हार मानू नका वगैरे. नुसती यादी वाचलीत तर शाळेच्या व्हरांड्यातले सुविचार वाटतील. मलाही काही वाटलं नव्हतं, पण मी टीए (शिकवायला मदत करणारा) असलेल्या एका कोर्सला टीममधला एक पोरगा आला. वॉक-ऑन, पश्चिम कॅन्ससमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. तो स्काउट टीममध्ये होता. म्हणजे येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांचा खेळ आठवडाभर आपल्याच मुख्य टीमसमोर खेळून दाखवायचा. आज टेक्ससचा सेफ्टी, पुढच्या आठवड्यात आणखी कुणाचा. शनिवारी मात्र कोऱ्या जर्सीत बाजूला उभं राहायचं.

एकदा तो प्रॅक्टिसहून थेट शंका विचारायला आला. खांद्याला प्लास्टिकच्या पट्टीने बर्फाची पिशवी गुंडाळलेली, तिचं पाणी माझ्या टेबलावर टपटपतंय. वहीत गव्हाच्या प्रथिनांची गणितं होती आणि मागच्या पानांवर बारीक अक्षरात फुटबॉल: समोरच्या टीमचा अमुक नंबरचा सेफ्टी बॉल टाकला जाण्याआधी कुठला पाय मागे घेतो, थकला की किती मागे सरकून उभा राहतो. आम्ही बोलत असताना त्याला फोन आला. फोनवर मुख्य टीममधला रिसीव्हर (पास झेलणारा), आणि तो विचारतोय ते हेच. स्टेडियममध्ये पन्नास हजार लोक ज्याचं नाव घेऊन ओरडतात, तो ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही त्याच्याकडून शिकवणी घेतोय. पोस्टर कुणीही लावेल हो. असा फोन येतो का, एवढंच मी बघतो.

ग्रिटचं म्हणाल तर २००३ चा हंगाम घ्या. चार विजयांनी सुरुवात झाली, मग घरच्या मैदानावर मार्शल विद्यापीठाकडून हरलो, मग टेक्ससकडून, मग ओक्लाहोमा स्टेटकडून. ओळीने तीन. गावात सुतकी चेहरे. पण त्यानंतर टीम एकही कॉन्फरन्स (विद्यापीठांच्या आपल्या गटातला) सामना हरली नाही, आणि डिसेंबरमध्ये बिग ट्वेल्व्ह या आमच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात समोर कोण, तर अपराजित, देशात पहिल्या क्रमांकाचं ओक्लाहोमा. पहिला टचडाउन त्यांचा. त्यानंतर त्यांना एक गुणही मिळाला नाही. ३५-७! १९३४ नंतरचं पहिलं कॉन्फरन्स विजेतेपद. त्या रात्री आमचा डॅरेन स्प्रोल्स २३५ यार्ड धावला. साडेपाच फुटांचा जेमतेम, आणि ताई, तो तुमच्या ओलेथाचाच.

आता बोकोबांसाठी दुसरी बाजू. नुसत्या सुविचारांवर हे झालेलं नाही. स्नायडर ज्युनियर कॉलेजमधून (आपलं अकरावी-बारावीवालं नव्हे, इथलं दोन वर्षांचं) तयार खेळाडू उचलायचे, कारण हायस्कूलचे स्टार आमच्याकडे फिरकत नसत. हंगामाच्या सुरुवातीला दुबळ्या टीम बोलवून ठोकायचे, त्यावर देशभर टीका व्हायची. मला त्यात काही गैर वाटत नाही. जिंकायची सवयच नसलेल्या पोरांना आधी ती लावावी लागते.

माझ्याच म्हणण्याला छेद देणारी गोष्टही सांगतो. २००५ नंतर स्नायडर निवृत्त झाले. मैदान तेच, गाव तेच, जांभळा रंग तोच. पुढच्या तीन वर्षांत १७ विजय, २० पराभव. २००९ मध्ये ६९ वर्षांचे स्नायडर परत आले, एव्हाना स्टेडियमला त्यांच्याच कुटुंबाचं नाव दिलेलं, आणि २०१२ मध्ये टीम पुन्हा कॉन्फरन्सची (संयुक्त) विजेती. म्हणजे कल्चर भिंतीत मुरत नाही. ते माणसांबरोबर येतं आणि माणसांबरोबर जातं. म्हणून मोठ्या विद्यापीठात परत जाल तेव्हा हेड कोचला सोडा, त्याचे सहायक किती वर्षं टिकलेत ते विचारा. मुलाशी रोज बोलणार आहे तो पोझिशन कोच. तो दरवर्षी बदलत असेल तर फॅमिली-बिमिली विसरा.

अवांतर: आमच्या बँडची ‘वॉबॅश कॅननबॉल’ धून ऐकलीय का? डिसेंबर १९६८ मध्ये बँडची इमारत जळाली, सगळी नोटेशन्स खाक झाली. ही एकच वाचली, कारण बँडमास्तरांनी ती घरी नेली होती. तेव्हापासून वाजते आहे.

---

मेरीव्हिल_रिटर्न

गिरणीवाले साहेब, वाचायला मजा आली, पण तुम्ही डिव्हिजन टू ला हातच लावला नाहीत. ताईंच्या समोरचा एक पर्याय तोच आहे.

माझं एमएस मेरीव्हिलचं, नॉर्थवेस्ट मिसुरी स्टेट. चिमुकलं गाव, आजूबाजूला मका. १९९४ मध्ये मेल चर्ड्समा तिथे कोच म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी अकराच्या अकरा सामने हरले. १९९८ मध्ये तीच टीम १५-० आणि राष्ट्रीय विजेती. १९९९ मध्ये परत, या वेळी अंतिम सामना चार ओव्हरटाइम चालला, ५८-५२.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. २००५, २००६, २००७, २००८ अशी ओळीने चार वर्षं टीम अंतिम फेरीत पोचली आणि चारही वेळा हरली. काही पोरांनी अख्खं कॉलेज हरलेल्या फायनल बघण्यात काढलं असेल. २००९ मध्ये पाचव्यांदा गेले आणि जिंकले. तेव्हा ना टीव्हीचे कोट्यवधी होते ना कुणाला चेहऱ्याचे पैसे. डिव्हिजन टू ला पूर्ण टीम मिळून जास्तीत जास्त ३६ स्कॉलरशिप, त्याच तुकडे करून वाटायच्या. म्हणूनच ‘थोडी स्कॉलरशिप’ ऐकून नाक मुरडू नका. तिथे ती तशीच असते.

---

टवाळ_बोका

चार फायनल हरून पाचवी खेळायला गेले? बरं, एवढं मान्य. पण आज त्यातले निम्मे दुसऱ्या हरल्यानंतरच ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) असते.

---

ओलेथाकर

सगळ्यांचे मनापासून आभार. गिरणीवाले, तो बर्फाच्या पिशवीवाला किस्सा मुलाला वाचून दाखवला, मराठी ऐकताना अधूनमधून अडला तरी गप्प बसून ऐकत होता. नवरा मात्र बोकोबांच्या पार्टीत कायम.

एक नेमका प्रश्न. वॉक-ऑनला पुढे कधी स्कॉलरशिप मिळते का, की ती आशा दाखवून राबवून घेतात?

---

गिरणीवाला

मिळते. जॉर्डी नेल्सन आमचाच, मॅनहॅटनजवळच्या रायली गावचा. वॉक-ऑन म्हणून आला, तोही डिफेन्समध्ये. पुढे रिसीव्हर झाला, २००७ मध्ये एका हंगामात १२२ कॅच आणि १,६०६ यार्ड. नंतर ग्रीन बे या व्यावसायिक टीमकडून सुपर बोल (व्यावसायिक लीगचा अंतिम सामना) जिंकला, त्या सामन्यात १४० यार्ड आणि एक टचडाउन. पण असे थोडेच. माझा तो विद्यार्थी चार वर्षं स्काउट टीममध्येच राहिला आणि आता गहू पिकवतो. त्याला पस्तावा नाही, पण फी त्याच्या बापाने भरली होती हेही खरं.

एक गोष्ट मात्र आमच्या काळाहून वेगळी आहे आणि ती तुम्हाला कुणी आपणहून सांगणार नाही. पूर्वी मोठ्या टीममध्ये ८५ स्कॉलरशिपवाले आणि त्यांच्या मागे हवे तितके वॉक-ऑन असायचे. २०२५ पासून जी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात, त्यांना टीममध्ये एकूण १०५ च खेळाडू ठेवता येतात. स्कॉलरशिपची वेगळी मर्यादा उरली नाही, पण मागची रांग आखूड झाली. कोच ‘प्रिफर्ड’ म्हणाला तर सरळ विचारा: या १०५ मध्ये माझ्या मुलाची जागा आहे का? पोर्टलमधून दुसरा सेफ्टी आला तर कोण बाहेर जाणार? गेल्या तीन वर्षांत किती वॉक-ऑनना स्कॉलरशिप दिली, आणि ते आता कुठे आहेत? त्यातल्या दोघांचे फोन नंबर मागा.

नंबर द्यायला जो कोच का-कू करेल, त्याच्याकडचं बार्बेक्यू खा आणि घरी या. आणि डिव्हिजन टू वाल्यांना हेच प्रश्न विचारायला विसरू नका, मेरीव्हिलकर रागावले तरी चालेल.

---

मेरीव्हिल_रिटर्न

रागावत नाही. उलट एक भर घालतो: शनिवारच्या सामन्याला नका जाऊ, मंगळवारच्या प्रॅक्टिसला बसू देतात का विचारा. आणि हरल्यानंतरच्या मंगळवारी मिळालं तर फारच उत्तम.