कालचे सहकारी आता हाताखाली, वन-ऑन-वन (टीममधल्या एकेकाशी ठरलेली भेट) कसं घ्यायचं?

प्रश्न: एक तारखेपासून ६ जणांची टीम माझ्याकडे येतेय. दोघं कालपर्यंत बरोबरीचे. वन-ऑन-वनमध्ये बोलायचं काय?

उत्तर १: वार ठरवा, ३० मिनिटं ठेवा. पहिली १० त्यांची. "काम कुठं अडलंय?" विचारा आणि गप्प बसा (हेच जमत नाही). कामाचा आढावा स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) घ्या. इथं घेतलात तर माणूस हिशेब देतो, अडचण सांगत नाही.

उत्तर २: मीटिंग रद्द करू नका, त्याच आठवड्यात पुढे ढकला. चूक दाखवताना "तू निष्काळजी आहेस" नको. "मंगळवारचा रिपोर्ट गुरुवारी आला, क्लायंटचा कॉल हुकला" असं सांगा.

उत्तर ३: त्या दोघांना कामाच्या रेटिंगचे निकष पहिल्याच भेटीत सांगा. तेही केबिनमध्ये, चहाच्या टपरीवर नव्हे.