बोलणं, कोळीगीतं आणि ख्याल: एकच प्रीसेट पुरेल का?

नेरुळ_डेस्क
नेरुळला कॉलेजचं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे, १०० वॅट ईआरपी (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी परिणामी शक्ती). प्लेआउटच्या पीसीवरच स्टिरिओ टूल (आवाजावर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे प्रोसेसर), साउंड कार्डातून डावं-उजवं एक्सएलआर केबलने एक्सायटरला (ट्रान्समीटरचा एफएम सिग्नल तयार करणारा भाग). निम्मा वेळ बोलणं (आरोग्य, सिडकोची सोडत, पाणीकपात), बाकी आगरी-कोळी गाणी, भजनं, रविवारी सकाळी शास्त्रीय. मुंबईच्या मोठ्या स्टेशनांशेजारी आवाज बसका वाटू नये म्हणून सगळ्यांत लाऊड प्रीसेट (सेटिंग्जचा तयार संच) लावलाय. निवेदिकेचे ‘स’, ‘श’ फाटतात आणि आलापात तानपुरा एकदम वर येतो. कोणता प्रीसेट लावू?

पारसिक_पायथा
प्रीसेटचं नंतर बघू. ‘स’ फाटतो म्हटल्यावर पहिला संशय प्री-एम्फसिसवर, म्हणजे प्रसारणाआधी वरच्या पट्टीला देतात त्या ठरावीक चढावर. भारतात ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५, आणि बाहेरून आलेली यंत्रं कधीकधी ७५ वरच असतात. तुमची जोडणी एमपीएक्सची (प्रोसेसरमधूनच तयार होऊन येणाऱ्या एकत्रित स्टिरिओ सिग्नलची) नाही, डावं-उजवं आहे. म्हणजे प्रोसेसर एकदा आणि एक्सायटर पुन्हा एकदा चढ देत असण्याची दाट शक्यता.

तपासणी सोपी. प्रसारण बंद असताना, डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा भार). एजीसी (पातळी आपोआप वर-खाली करणारा भाग), कॉम्प्रेसर, क्लिपर (टोकं कापणारा) बंद. प्री-एम्फसिसला हात लावू नका. एक्सायटर मोनोवर घ्या, नाहीतर मीटरवर १९ किलोहर्ट्झचा पायलटच (स्टिरिओची खूण म्हणून जाणारा टोन) दिसत राहील. पूर्ण पातळीच्या ३० डेसिबल खाली आधी ४०० हर्ट्झचा टोन सोडा, मग तेवढ्याच पातळीवर १० किलोहर्ट्झचा. डेव्हिएशनमध्ये (वाहक लहर मूळ वारंवारतेपासून किती हलते त्यात) साधारण १० डेसिबल फरक आला तर ठीक. साडेतेराच्या आसपास आला तर ७५ लागलंय. वीसच्या आसपास असेल तर दोनदा.

गेट_आणि_रिलीज
तानपुऱ्याचं दुखणं वेगळं. गायक श्वास घेतो, पातळी पडते, एजीसीला वाटतं आवाज कमी झाला आणि तो मागचं सगळं उचलतो. गेटची मर्यादा (जिच्याखाली एजीसी हलत नाही ती पातळी) नुसत्या तानपुऱ्याच्या पातळीच्या जराशी वर ठेवा, म्हणजे त्या फटीत गेन जागच्या जागी थांबेल. रिलीज (गेन पुन्हा वर येण्याचा वेग) हळू करा. वर उचलायची कमाल मर्यादा ६ ते ८ डेसिबल पुरे.

सुरुवातीला मध्यम पाच-बँडचा (आवाज पाच पट्ट्यांत वेगळा हाताळणारा) प्रीसेट घ्या. लाऊड प्रीसेट खाली ओढत बसू नका, त्यात एकावर एक इतक्या गोष्टी ताणलेल्या असतात की एक सैल केली की दुसरी बोंबलते. तबल्यातल्या डग्ग्याच्या घुमाऱ्याने बाकीचा आवाज दबत असेल तर सर्वांत खालच्या बँडचा ड्राइव्ह (त्यात जाणारी पातळी) कमी करा.

कोळीगीतांच्या फाइल्स बहुधा आधीच क्लिप झालेल्या (टोकं कापलेल्या) असणार. डीक्लिपर (ती टोकं परत घडवणारा भाग) चालू करा, पण त्याला मूळ फाइल मिळू दे. पुन्हा एमपी३ केलेल्या फाइलमध्ये कापलेली टोकं विस्कटतात, मग त्याला ती ओळखता येत नाहीत. १२८ केबीपीएसची फाइल असेल तर लाऊड प्रीसेटमध्ये झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या ऐकू येणारच. तिथे फाइल बदलणे हाच उपाय.

खारघर_मोनो
वरच्या सगळ्याशी सहमत, पण एकाच प्रीसेटचा हट्ट का? रविवारच्या स्लॉटला शेड्यूलरमधून सौम्य प्रीसेट लावा. बदल स्टेशन आयडीच्या आधीच्या शांततेत करा, चालू गाण्यात पातळीची उडी लगेच कळते.

आणि लाऊडनेसने पल्ला वाढत नाही. पारसिकच्या डोंगराआड सिग्नल कमजोर असेल तिथे स्टिरिओत खरखर मोनोपेक्षा वीसेक डेसिबलने जास्त असते. बोलण्याचे कार्यक्रम मोनोत सोडा, त्याचा उपयोग कुठल्याही प्रीसेटपेक्षा जास्त होईल.

तुलना करताना दोन्ही प्रीसेटचा ऐकण्याचा आवाज सारखा करून घ्या, नाहीतर मोठा तोच चांगला वाटतो. आणि स्टुडिओच्या मॉनिटरवर ठरवू नका. पाम बीच रोडवर गाडीत ऐका, स्वयंपाकघरातल्या साध्या रेडिओवर ऐका.

नेरुळ_डेस्क
टोन लावून पाहिले. फरक साडेवीस डेसिबल.

पारसिक_पायथा
मग दोनदाच लागलंय. एक्सायटरमधलं बंद करा, प्रोसेसरमधलं ५० वर राहू द्या. उलटं करू नका: वरच्या पट्टीतला चढ लिमिटरच्या आधीच लागायला हवा, नंतर लागला तर ‘स’ची टोकं मर्यादा ओलांडून जातात. एक्सायटरचा स्वतःचा लिमिटर असेल तर तोही बंद. मग कमाल डेव्हिएशन ७५ किलोहर्ट्झला नव्याने जुळवा, आणि त्यानंतरच गेट_आणि_रिलीज म्हणतात तो मध्यम प्रीसेट लावून बघा.